फक्कीसरांची पांढरी रेघ

शहाद्यात आमच्या कॉलनीत दुधाच्या पिशवीला स्वतःचं मैदान आहे. शेजारच्या फाटकाच्या आत, डाव्या हाताला, पांढऱ्या फक्कीने आखलेला एक चौकोन. त्याच्या बाजूला वर्तमानपत्रासाठी एक वर्तुळ. सायकलवरून फेकलेला पेपर वर्तुळात पडला तर सगळं शांत असतं. बाहेर पडला की आतून खणखणीत शिट्टी येते आणि पाठोपाठ आरोळी, "फाउल!" पेपरवाला मुकाट्याने सायकल स्टँडला लावतो, पेपर उचलून वर्तुळात ठेवतो आणि पुढे जातो. नवीन पेपरवाला आला की त्याला हे अंगवळणी पडायला थोडे दिवस लागतात. मला मात्र त्याचा फायदाच होतो. सकाळची पहिली शिट्टी झाली की मी कुकर लावते.

या मैदानांचे मालक म्हणजे जगन्नाथ पाटील सर. हे नाव फक्त लाइट बिलावर. बाकी सगळं गाव त्यांना फक्कीसर म्हणतं. सबंध नोकरी त्यांनी एका हायस्कुलात खेळाचे शिक्षक म्हणून केली. फक्की म्हणजे मैदान आखायची चुन्याची भुकटी, आणि ती टाकण्यात सरांचा हात धरणारा माणूस आसपास झाला नाही, हे मी शेजारीण म्हणून नाही, तर डोळ्यांनी पाहिलंय म्हणून सांगते. कुठेही स्पर्धा असल्या की मैदान आखायला सरांना बोलावणं यायचं. दोरी नाही, खुंटी नाही. कमरेत वाकायचं, मुठीतून फक्की सोडायची आणि उलटं चालत जायचं. उलटं का, असं मी एकदा विचारलं होतं.

"मारेल रेघवर नजर ऱ्हावाले पाहिजे," सर म्हणाले. "नजर हटनी का रेघ वाकडी."

सरांची रेघ कधी वाकडी झाली नाही. निवृत्त झाले तेव्हा सत्काराची शाल त्यांनी शिपायाला दिली आणि स्वतः शाळेतलं फक्कीचं उरलेलं पोतं मागून आणलं. त्या पोत्यातून मग घरी राज्य उभं राहिलं. चपलांना रेघ, कुंड्यांना चौकट, स्कूटरला दोन समांतर पट्टे. बोलण्यातही मोजके शब्द. पाहुणे आले की "विश्राम", म्हणजे बसा. जेवण वाढलं की "सावधान". भाजीवालीने मेथीच्या जुडीत आत पिवळी पानं दडवली की "फाउल". मुलाच्या, सुनीलच्या लग्नात भटजींची मंगलाष्टकं लांबली, तेव्हा सरांनी शिट्टी वाजवून सामना संपवल्याचं जाहीर केलं होतं. वाजंत्रीवाल्यांनी तीच खूण समजून वाजवायला सुरुवात केली आणि भटजी शेवटपर्यंत जेवले नाहीत.

या राज्यात एकच खेळाडू सगळ्या नियमांच्या बाहेर. सरांच्या पत्नी, इंदूकाकू. रोज सकाळी दूध-पेपर उचलून झाले की काकू झाडू घेऊन अंगणात यायच्या आणि चौकोन, वर्तुळ, पट्टे, सगळं झाडून टाकायच्या. सर डबा घेऊन यायचे आणि पुन्हा आखायचे. इतक्या वर्षांत काकूंना एकदाही फाउल मिळाला नाही. "तुमनं हाई पांढरं पांढरं घरमा येस," असं काकू झाडता झाडता म्हणायच्या, आणि सर ऐकू न आल्यासारखे आकाशाकडे बघायचे.

मग काकू विसरायला लागल्या. आधी भाजीत दोनदा मीठ, मग अजिबात नाही. मग माझं नाव. काकूंची धाकटी बहीण, यमुनामावशी, आमच्याच कॉलनीच्या दुसऱ्या टोकाला राहते. चार वाजले की तिच्याकडे चहाला जायचं, घटकाभर बसायचं आणि दिवेलागणीच्या आत परत यायचं, हा काकूंचा वर्षानुवर्षांचा नेम. एका संध्याकाळी त्या परतल्याच नाहीत. शोधाशोध झाली, तेव्हा लोणखेड्याच्या रस्त्यावर, उसाच्या ट्रॅक्टरांच्या रांगेत, एका ड्रायव्हरने ट्रॉलीच्या आडोशाला बसवून ठेवलेल्या त्या सापडल्या. काकू ऊस खात होत्या. आम्हाला बघून म्हणाल्या, "या, बठा."

सुनीलचा सुरतहून फोन आला. तो फोनवर ओरडून बोलतो, त्यामुळे अंगणात बसलेल्या मलाही सगळं ऐकू आलं.

"पप्पा, फाटकाले कुलूप लावा. नई तं होळीले मी येस आनि मम्मीले सुरतले लई जास."

"ती काय म्हैस शे का, बांधीसन ठेवाले?" सर म्हणाले. "होळीलोंग थांब. मंग दखू."

सुरतचा फ्लॅट सातव्या मजल्यावर. तिथे यमुनामावशी नाही, अंगण नाही, झाडायला रेघा नाहीत. हे सगळं सरांना कळत होतं, पण होळीपर्यंत ते काय करणार, हे कुणालाच कळत नव्हतं. त्यांनी स्वतःही कुणाला सांगितलं नाही.

आता माझ्याकडे येते, कारण पुढच्या भानगडीला मी जबाबदार आहे. मी लोणखेड्याला कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स शिकवते. त्या दिवसांत माझ्या मुलांना एका स्पर्धेसाठी लाइन फॉलोअर रोबोट करायचा होता. छोटी गाडी, जमिनीवरची रेघ बघत आपली आपण चालणारी. सामान यायला उशीर होता, म्हणून मी त्यांना आधी कॉम्प्युटरवर सिम्युलेशन करायला लावलं होतं. म्हणजे गाडी पडद्यावर, रेघ पडद्यावर, पण प्रोग्राम खरा. एका दुपारी ओट्यावर लॅपटॉप घेऊन मी तेच तपासत होते. सर फक्कीचा डबा घेऊन फाटकाजवळून चालले होते.

"बेटा, हाई काय शे?"

"रोबोट आहे सर. रेघेवरून चालतो."

जगात बोलायला इतके शब्द असताना मी नेमका रेघ म्हणाले. सर फाटक उघडून आत आले, वाकून पडद्याकडे बघितलं आणि म्हणाले, "वाकडी शे."

दुसऱ्या दिवशी दुपारी सर दारात हजर. पांढरे कॅनव्हासचे बूट, इस्त्रीची पँट, गळ्यात शिट्टी. रोज मला बेटा म्हणणारा माणूस ताठ उभा राहून म्हणाला, "मॅडम, येऊ का?" मी विश्राम म्हणेपर्यंत बसले नाहीत. शिकवायला मला एवढा आज्ञाधारक विद्यार्थी कधी मिळाला नव्हता आणि मी जरा चढूनच गेले.

मी समजावलं. हा मायक्रोकंट्रोलर, म्हणजे मेंदू. हे दोन सेन्सर, म्हणजे डोळे, पण पोटाखाली. या दोन मोटारी, म्हणजे पाय. रेघ दोन डोळ्यांच्या मधे ठेवून चालायचं. डावा डोळा रेघेवर आला, तर डावी मोटार थांबवायची, म्हणजे गाडी डावीकडे वळते. उजवा आला तर उजवी. दोन्ही डोळ्यांना सारखंच दिसलं तर सरळ.

"आनि खरी गाडी?"

"ती नंतर. आधी सगळं इथे. इथे शंभर वेळा चुकलं तरी काही तुटत नाही, कुणी पडत नाही."

"चुकीसन काईच तुटस नई?"

"काहीच नाही."

सरांनी हे मला पुन्हा एकदा विचारून घेतलं. मग खुर्ची पुढे ओढली.

टायपिंग एका बोटाने. प्रत्येक ओळीनंतर एंटर असा मारायचे की शाळेची घंटा बडवतायत. अर्धविराम विसरला की पडदा लाल व्हायचा आणि सर खूश व्हायचे. "हाऊ पंच कडक शे," ते म्हणायचे. "माले आवडना." माझी कॉलेजातली मुलं त्याच लाल ओळीवर मला दिवसभर दूषणं देतात.

पण एक गोष्ट त्यांना पटेना. सिम्युलेशनमध्ये मैदान पांढरं आणि रेघ काळी होती. "काळी रेघ?" सर म्हणाले. "मॅडम, मैदानवर काळी रेघ कोन्ही मारी कधी?" मी स्वयंपाकघरात चहा बघायला गेले, तेवढ्यात त्यांनी रंग उलटे करून टाकले. मैदान काळं, रेघ पांढरी. प्रोग्राम तसाच. त्यात आम्ही गाडीला काळं दिसलं म्हणजे रेघ, असं शिकवलेलं. मी बाहेर येते तो सरांनी शिट्टी फुंकून गाडी सोडली होती. गाडी सरळ निघाली, जरा कडेला सरली, एक डोळा पांढऱ्या रेघेवर आला मात्र, आणि तिने विरुद्ध दिशेला जी धूम ठोकली ती पडद्याच्या बाहेर. त्यानंतर जेव्हा जेव्हा सोडली, तेव्हा तेव्हा रेघ दिसताच ती तोंड फिरवून पळाली.

"फाउल! फाउल!" सर उभे राहून ओरडत होते. काकू त्यांच्या ओट्यावरून मला विचारत होत्या, "कोन हारनं व माय?"

रात्रभर विचार करून दुसऱ्या दिवशी सर उत्तर घेऊन आले. नियम उलटा केला, पांढरं म्हणजे रेघ. गाडी रेघेवर चालायला लागली. त्या दिवशी त्यांनी अख्ख्या कॉलनीला सांगितलं की गाडीला आता शिस्त लागली. किराणावाल्या शेठना वाटलं सरांनी नवीन गाडी घेतली, त्यांनी नारळ आणि हळदीकुंकू पाठवून दिलं.

मग सर प्रश्न विचारायला लागले. माझी मुलं परीक्षेत काय येणार ते विचारतात. सर भलतंच विचारत.

"मॅडम, हिले मांगलं काई याद ऱ्हास का?"

"नाही सर. कुठून निघाली, किती वळणं झाली, तिला काही माहीत नाही. आत्ता पायाखाली काय आहे, तेवढंच."

"घर कोठे शे, हाई बी नई?"

"नाही."

पडद्यावर गाडी आपली फेरी मारत होती.

"तरी बी पोचस?"

"रेघ असेल तर पोचते."

सरांनी गळ्यातली शिट्टी काढून खिशात ठेवली. शिकवणीच्या वेळात चहा घ्यायचा नाही हा त्यांचाच नियम, पण त्या दिवशी त्यांनी स्वतःहून चहा मागितला आणि तो बशीत ओतून हळूहळू प्यायले. मला वाटलं, वय झालंय, दमले असतील.

त्यानंतर त्यांनी स्वतःचा मार्ग काढायला घेतला. माझी मुलं लंबगोल काढतात. सरांनी एक विचित्रच आकृती काढली. लांब सरळ, मग एका ठिपक्याला वळसा, मग काटकोन, पुन्हा सरळ, पुन्हा काटकोन. काटकोनावर गाडी हमखास रेघ सोडायची. सरांनी वेग कमी केला, सेन्सर सरकवले, माझ्याशी वाद घातला. शेवटी एका दुपारी त्यांनी ते कोपरे पुसले आणि गोल केले. मी चकित होऊन बघत राहिले. ज्या माणसाने जन्मभर काटकोन सोडला नाही, भाकरीसुद्धा चौकोनी मिळाली तर बरं असं ज्याच्या मनात असावं, तो आपल्या हाताने कोपरे गोल करत होता.

दुसरा वाद मोठा झाला. रेघ हरवली तर गाडीने काय करायचं? सगळीकडे हेच शिकवतात की जागच्या जागी फिरून रेघ शोधायची. सर म्हणाले, नाही. थांबायचं.

"थांबली तर शर्यत हरते, सर."

"हारू द्या. धुंडाले जास आनि आखो लांब जास. जठे चुकनी तठेच उभी ऱ्हावो. कोनीतरी जाई आनि लई येई."

"परीक्षक मार्क कापतील."

"मन्हा मैदानवर मन्हा नियम," सर म्हणाले आणि घंटा बडवल्यासारखा एंटर मारला.

आणि एके सकाळी शिट्टी वाजली नाही. माझा कुकर लागला नाही, मुलाचा डबा राहिला. पेपर कुंडीत पडला होता तरी सगळं शांत. मी धसकून बाहेर आले, तर सर अंगणात पाण्याची बादली घेऊन उभे होते आणि दुधाचा चौकोन, पेपरचं वर्तुळ, चपलांची रेघ, स्कूटरचे पट्टे, सगळं स्वतः धुऊन काढत होते.

"काय झालं सर?"

"दोन रेघा आडव्या उन्या का गाडी गोंधळस," सर म्हणाले. "रेघ एकच पाहिजे."

मला वाटलं, हा माणूस गाडीच्या नादात पार गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दूध घ्यायला मी फाटकाशी आले. सर रस्त्यावर कमरेत वाकून उलटे चालत होते. मुठीतून फक्की सुटत होती. रेघ त्यांच्या घराच्या पायरीपासून निघाली होती, फाटकातून रस्त्यावर, तिथून लांब सरळ, कडुनिंबाला वळसा घालून, पिठाच्या गिरणीशी गोल वळण घेऊन पुढे. ती आकृती मी किती दिवस पडद्यावर बघत होते. लंबगोल नव्हता तो. तो यमुनामावशीच्या घराचा रस्ता होता.

मी दुधाची पिशवी हातात घेऊन तिथेच उभी राहिले. मला रडू आलं आणि अभिमानही वाटला, दोन्ही एकदम. मी इतकी वर्षं सेन्सर आणि मोटारी शिकवतेय, आणि माझ्याकडे शिकायला आलेल्या कुठल्याच मुलाने त्याचं असं काही केलं नव्हतं.

कॉलनीला कुणी काही सांगितलं नाही, पण कळलं सगळ्यांना. मोटारसायकली रेघेपासून लांब उभ्या राहू लागल्या. शेठनी दुकानासमोरची गव्हाची पोती आत घेतली. वाऱ्याने आणि चाकांनी रेघ पुसायची, सर रोज सकाळी नवीन मारायचे. काकूंना त्यांनी एवढंच शिकवलं होतं, "रेघ सोडू नको. रेघ सरनी तं उभी ऱ्हाय. मी येस." आधी सर काकूंच्या पुढे चालायचे, मग बरोबर, मग मागून, लांबून. काकू कधी रेघेवर चालायच्या, कधी तिला जरा पायाने पुसून बघायच्या. काही दिवस गिरणीपाशी थांबून परत यायच्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा.

होळी आली. डोंगरातल्या काठी गावची होळी बघायला निघालेल्या जीपगाड्यांनी गाव भरलं आणि दुपारपर्यंत रिकामं झालं. सुनील बायकोला घेऊन आला होता. येताना आईसाठी मोठी बॅग आणली होती, ती त्याने ओट्यावरच ठेवली. सरांनी त्याला सगळं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं, पण बॅग ओट्यावरून हलवली नाही.

चार वाजता काकू निघाल्या. आम्ही सगळे आपापल्या फाटकाशी काही ना काही काम काढून उभे. सर आणि सुनील मुद्दाम घरीच थांबले. काकू कडुनिंबाला वळसा घालून गेल्या, गिरणीशी वळल्या, दिसेनाशा झाल्या. थोड्या वेळाने यमुनामावशीचा फोन आला की ताई पोचली, चहा टाकलाय. सुनीलच्या बायकोने कपाळावरचा घाम पुसला.

त्या चहा पीत असताना कॉलनीत पाण्याचा टँकर आला. त्याचा नळ गळत होता. कडुनिंबापासून आमच्या बाजूची सगळी रेघ तो धुऊन निघून गेला. आमच्या लक्षात आलं तेव्हा काकू गिरणीच्या वळणावर दिसायला लागल्या होत्या.

सुनील धावला. सरांनी त्याचं मनगट धरलं. "थांब," ते म्हणाले.

काकू कडुनिंबापर्यंत आल्या. रेघ संपली. त्यांनी खाली बघितलं, मग डावीकडे बघितलं, जिथून रस्ता लोणखेड्याकडे जातो. एक पाऊल तिकडे पडलं. काकूंनी ते पाऊल मागे घेतलं. रेघेच्या टोकाशी परत आल्या, दोन्ही पाय जुळवले, हात सरळ खाली सोडले आणि उभ्या राहिल्या. ज्या बाईने जन्मात सरांचा एक नियम पाळला नव्हता, ती भर रस्त्यात सावधानमध्ये उभी होती.

"आयकी ऱ्हायनात का?" काकूंनी मोठ्याने हाक मारली. "आठे रेघ सरनी!"

सर डबा घेऊन निघाले. पळत नव्हते, पण त्यांना इतकं भरभर चालताना मी कधी पाहिलं नाही. काकूंच्या पायांशी जाऊन वाकले आणि ओल्या रस्त्यावर रेघ मारत उलटे चालू लागले. काकू त्या रेघेवरून त्यांच्या मागोमाग. दोघं तसेच येत राहिले, एक वाकलेला, एक ताठ, फाटकातून आत, पायरीपर्यंत. सुनीलने ओट्यावरची बॅग उचलली आणि स्वतःच्या गाडीच्या डिकीत नेऊन ठेवली.

"पप्पा," तो म्हणाला, "सुरतहून फक्कीनं पोतं धाडू का?"

सर कमरेवर हात ठेवून हळूहळू सरळ होत होते. काकू पायरीवर चढल्या, वळल्या आणि कडुनिंबापासून दारापर्यंत आलेली रेघ त्यांनी नीट निरखली. ती इकडे तिकडे नागमोडी गेली होती. सर उलटे चालताना सबंध वेळ रेघेकडे बघत नव्हते, काकूंच्या चेहऱ्याकडे बघत होते.

"वाकडी शे," काकू म्हणाल्या.

"हाव," सर म्हणाले. "शे."